सकाळचा उतारा

औशाच्या बसस्टँडवर सकाळी सहाच्या सुमारास चहाच्या गाड्यापाशी थोडा वेळ उभं राहावं. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरणारा एखादा तरी माणूस हमखास दिसतो. थंडीचे दिवस नसतात, तरीही. एका हाताने धरला तर सांडतो, हे त्याला माहीत असतं आणि चहावाल्यालाही. म्हणून चहावाला त्याला ग्लास काठोकाठ भरून देत नाही. पहिला घोट घेताना तो ग्लास ओठांकडे नेत नाही, मान वाकवून ओठ ग्लासाकडे नेतो. अर्ध्या तासाने तोच माणूस पुन्हा दिसतो. मधल्या वेळात तो कुठे जाऊन आला हे कुणी विचारत नाही. आता त्याचा हात स्थिर असतो. विडी एका काडीत पेटते, खिशातली चिल्लर नीट मोजून होते.

मधल्या वेळात त्याने जे घेतलं त्याला 'उतारा' म्हणतात. विंचवाच्या विषावर उतारा असतो. नजर लागली की भाकरतुकडा ओवाळून टाकतात तोही उतारा, आणि तलाठ्याकडून काढतात तोही उताराच, सातबाऱ्याचा. रात्रीच्या दारूवर सकाळची दारू हा त्याच ओळीतला. मला हा शब्द फार नेमका वाटतो. सकाळी पिणाऱ्याला त्यात मजा नसते. हात चालावेत, शेतावर जाता यावं, दाढीचं ब्लेड गालावर घसरू नये म्हणून तो पितो. औषध म्हणूनच पितो.

लहानपणी मला वाटायचं, ही थरथर अशक्तपणाची आहे. दारूने अंगातली ताकद गेली, म्हणून हात कापतात. खूप नंतर कळलं की त्या थरथरीत अशक्तपणा नसतो, मेंदूचा जोर असतो. तेव्हापासून त्या दोन हातांकडे मला पूर्वीसारखं बघता आलेलं नाही.

मेंदूच्या पेशी एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात. त्यातलं गाबा नावाचं रसायन सांगतं, 'सावकाश, शांत हो.' ग्लुटामेट नावाचं दुसरं सांगतं, 'ऊठ, चल, जागा हो.' दोघांच्या ओढाताणीत आपलं जागेपण, आपला हात, आपलं बोलणं तोलून धरलेलं असतं. दारू गाबाचा आवाज वाढवते आणि ग्लुटामेटचं तोंड दाबते. म्हणून सुरुवातीला माणूस सैल होतो, मग जीभ जड होते, मग पाय. पण हे रोज, वर्षानुवर्षं होत राहिलं तर मेंदू हातावर हात ठेवून बसत नाही. गाबाचं ऐकणारे कान तो बोथट करतो, ग्लुटामेटचं ऐकणारे वाढवतो. दाराला एका बाजूने कुणी रेटत असावं आणि दुसऱ्या बाजूने कुणी तेवढ्याच जोराने रेटून उभं असावं, तसं. बाहेरून बघणाऱ्याला दार जागच्या जागी दिसतं. अर्धी बाटली रिचवून सरळ चालणाऱ्या माणसाबद्दल लोक कौतुकाने म्हणतात, 'त्याला चढतच नाही.' ते हे दोन्हीकडून रेटलेलं दार.

रात्री झोपेत दारू उतरते. एका बाजूचा माणूस अचानक हात काढून घेतो. दुसऱ्या बाजूचा मात्र सगळा जोर लावून उभाच असतो. तो धाडकन पुढे येतो. ती सकाळची थरथर, तो घाम, ती छातीतली धडधड.

बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. काहींचं भागत नाही. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो: अंथरुणावर मुंग्या दिसतात, भिंतीवर साप, मेलेला भाऊ दारात उभा. वेळ-काळ कळेनासा होतो, ताप चढतो. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. गावात म्हणतात, 'बाहेरचं झालं.' आणि त्या मोलाच्या तासांत त्याला दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे नेतात. उपचार नव्हते त्या काळात या भ्रमात सापडलेल्यांपैकी तिसरा हिस्सादेखील दगावत असे. वेळेवर उपचार मिळाले तर आज शंभरात पाचांपेक्षा कमी दगावतात. म्हणून ज्याला सकाळी उतारा लागतो, त्याला लेकराची शपथ घालून, खोलीत कोंडून 'आजपासून बंद' करायला लावू नये. प्रेमाने केलेली ही गोष्ट जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टर.

डॉक्टर काय करतात, हे ऐकल्यावर मी थक्क झालो, इतकं ते साधं आहे. गाबाचंच काम करणाऱ्या गोळ्या, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, आधी पुरेशा देतात आणि आठवडाभरात कमी करत बंद करतात. म्हणजे दार रेटणाऱ्या दुसऱ्या माणसाला हळूहळू मागे घेतात. सोबत जीवनसत्त्व ब-१, म्हणजे थायमिन. पिणाऱ्याच्या शरीरात ते खडखडीत संपलेलं असतं, कारण जेवण कमी आणि आतड्यातून शोषणही कमी. अशा माणसाला थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली, तर ती साखर जाळायला मेंदूकडे उरलंसुरलं थायमिनही पुरत नाही. डोळे तिरळे होतात, तोल जातो, आणि कायमचा स्मृतिभ्रंश होऊ शकतो. एका स्वस्त जीवनसत्त्वाने एका माणसाची आयुष्यभराची आठवण वाचते. 'सलाइन लावा, ताकद येईल' असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हे ऐकून ठेवावं.

पण हे सगळं करायचं कुठे? इथे आपल्या बोलण्यातलं एक क्रियापद मला सतावतं. घरोघरी म्हणतात, 'त्याला केंद्रात टाकलं.' लेकराला शाळेत टाकतात, बायकोला टाकतात, कचरा टाकतात. एकदा टाकलं की आपलं काम संपलं, असा त्या शब्दाचा सूर आहे. दारू सोडणं म्हणजे कुठेतरी दूर, बंद दाराआड महिना-दोन महिने काढणं, अशीच आपली समजूत आहे. मग शेतीचं काय, दूध कोण काढणार, पैसे कुठून आणायचे, गावात काय सांगायचं, म्हणून 'पोळा झाल्यावर बघू', 'सोयाबीन निघाल्यावर बघू' होतं. वर्ष निघून जातं.

१९८९ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोटोई हायाशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६४ माजी सैनिक घेतले. सगळे गरीब, सगळे दारूवर अवलंबून. त्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली: काही जण रुग्णालयात भरती, बाकीचे घरी राहून रोज दवाखान्यात येऊन गोळ्या नेणारे. फिट येत असलेले, फार आजारी, भ्रमात असलेले लोक आधीच वगळले होते. घरून येणाऱ्यांपैकी सुमारे पाऊण लोकांनी औषधांचा क्रम पुरा केला. भरती झालेल्यांत जवळपास सगळ्यांनी केला. एवढा फरक होता. पण गंभीर दुखणं कुणालाच झालं नाही, आणि सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत फरक उरलेला नव्हता. खर्च मात्र भरतीच्या बाजूला जवळपास दहापट किंवा त्याहून जास्त होता. पूर्वी कधी फिट आली असेल, भ्रम झाला असेल, काविळीने डोळे पिवळे असतील, घरी सांभाळायला कुणीच नसेल, तर खाट लागतेच. बाकीच्या कितीतरी जणांना खाट लागत नाही. त्यांना लागते ती एक खुर्ची, एक केसपेपर आणि पुढची तारीख.

आता वर्षांचा हिशेब. डेन्मार्क, फिनलंड आणि स्वीडन या देशांत प्रत्येक माणसाची दवाखान्याची नोंद आणि मृत्यूची नोंद एकमेकींशी जोडलेली असते. १९८७ ते २००६ या वीस वर्षांच्या नोंदी जुळवून संशोधकांनी २०१५ साली सांगितलं: दारूच्या आजारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या लोकांचं आयुर्मान इतरांपेक्षा २४ ते २८ वर्षांनी कमी होतं. त्यांतल्या पुरुषांचं आयुर्मान ४७ ते ५३ वर्षं निघालं. जगातली सगळ्यात चांगली आरोग्यसेवा असलेल्या देशांत! हे सगळ्यात जास्त आजारी लोकांचे आकडे आहेत, प्रत्येक पिणाऱ्याचे नाहीत, हे खरं. पण पंचवीस वर्षं म्हणजे काय ते बघा. लेकीचं लग्न, नातवाचं बारसं, कर्ज फिटल्यावरचा पहिला हंगाम, हे सगळं त्या पंचवीस वर्षांत असतं.

आणि ती वर्षं एकटं यकृत खात नाही. आपल्याकडे दारूने मेलेल्या माणसाच्या मरणाला कधी दारूचं नाव मिळत नाही. 'काविळीने गेला', 'हार्टफेल झालं', 'रात्री विहिरीत पाय घसरला', 'लातूर रोडला गाडीवरून पडला', 'टीबी होता', 'औषध पिला', आणि ते औषध फवारणीचं असतं. प्रत्येक मरण वेगळ्या खात्यात जमा होतं. अन्ननलिकेचा, तोंडाचा, यकृताचा कर्करोग आणखी वेगळ्या खात्यात. दारू कर्करोग घडवते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच नोंदवलेलं आहे. ही सगळी खाती एकत्र मांडली की आकडा प्रचंड होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ या एका वर्षात जगात २६ लाख माणसं दारूमुळे गेली.

मला खरं आश्चर्य वाटतं ते पुढचं. ही गेलेली वर्षं परत मिळवता येतात. सगळी नाही, पण पुष्कळ. यकृत हा अवयव मोठा दिलदार आहे. दोनतृतीयांश कापून काढलं तरी उरलेलं वाढून पुन्हा पुरेसं होतं. दारूमुळे त्यात साचलेली चरबी पिणं थांबवल्यावर काही आठवड्यांत ओसरते. चट्टे पडून ते दगडासारखं झालं, म्हणजे सिरॉसिस झाला, की आपण म्हणतो, 'आता काय उपयोग सोडून?' अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले पॉवेल आणि क्लॅट्स्किन या दोन डॉक्टरांनी १९६८ साली अशाच सिरॉसिसच्या २८३ रुग्णांचा हिशेब मांडला. ज्यांनी पिणं सोडलं त्यांतले सुमारे ६३ टक्के पाच वर्षांनंतरही जिवंत होते. पीत राहिलेल्यांतले सुमारे ४० टक्के. चट्टे तेच, फक्त बाटली गेली. २०१३ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला: दारूच्या आजारावर उपचार घेतलेल्यांपैकी ज्यांनी पिणं कमी केलं, त्यांचा मृत्यूचा धोका तसंच पीत राहिलेल्यांच्या निम्म्याहूनही खाली आला. पूर्ण सोडणाऱ्यांचा त्याहून जास्त उतरला. एवढा फरक पाडणाऱ्या गोळीचा शोध लागला असता तर तिची पेपरात पहिल्या पानावर बातमी आली असती.

गोळ्यासुद्धा आहेतच. सगळ्यात जुनीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रबर पक्कं करण्याच्या कारखान्यात डायसल्फिराम हे रसायन वापरत. १९३७ साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टराच्या लक्षात आलं, की या रसायनापाशी काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली आहे. ती नोंद तशीच पडून राहिली. दहा वर्षांनी कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक तेच रसायन जंतावरचं औषध म्हणून तपासत होते. तिथल्या रीतीप्रमाणे त्यांनी गोळ्या आधी स्वतःच घेऊन पाहिल्या. नंतर दोघांनी वेगवेगळ्या वेळी नेहमीसारखं थोडं मद्य घेतलं आणि दोघांचेही चेहरे लालबुंद, छाती धडधडती, पोटात ढवळून आलेलं. एकमेकांशी बोलल्यावर कोडं सुटलं. शरीर दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषात रूपांतर करतं आणि मग त्या विषाचं निरुपद्रवी पदार्थात. हे औषध दुसरी पायरीच अडवून धरतं. विष अंगात साचतं. १९४८ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं आणि जंतांवरचं औषध दारू सोडवणाऱ्यांच्या कपाटात गेलं.

ही गोळी माणसाने स्वतःच्या मर्जीने घ्यायची असते. सकाळी एकदा ठरवायचं, गोळी गिळायची, म्हणजे दिवसभर प्रत्येक वळणावर पुन्हा पुन्हा ठरवावं लागत नाही. घरचं माणूस समोर उभं राहून देत असेल तर ती जास्त गुण देते. पण 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती वाचून कुणी जेवणात चूर्ण मिसळत असेल, तर त्यांना हात जोडून विनंती आहे, थांबा. त्यात काय आहे कोण जाणे, आणि डायसल्फिराम असलंच तर नकळत प्यायलेल्या माणसाचं हृदय त्या झटक्यात थांबू शकतं. दारूची गोडीच कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि खवळलेलं ग्लुटामेट शांत करणारी अकॅम्प्रोसेट ही पुढची औषधं आहेत. तीसुद्धा बाह्यरुग्ण विभागातच मिळतात. खाट लागत नाही.

पण गोळ्यांच्या आधी आणि गोळ्यांच्या नंतर असतं ते बोलणं. १९७७ साली लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातून ग्रिफिथ एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष मांडला, त्याने मानसोपचाराच्या जगात खळबळ उडाली. दारू सुटत नव्हती असे शंभर विवाहित पुरुष. त्यांतल्या निम्म्यांना त्या काळातले सगळे उपचार, महिनोन्महिने. उरलेल्या निम्म्यांना फक्त एक बैठक: नवरा-बायको दोघं समोर बसलेले, परिस्थिती नीट समजावलेली, सोडण्याची जबाबदारी तुमची आहे हे आदराने सांगितलेलं. वर्षाने दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. या अभ्यासावर पुढे पुष्कळ वाद झाले. मला त्यातली एकच गोष्ट सोडवत नाही: कुणीतरी बसवून, न ओरडता, न रडता, एकदा नीट बोललं, यातसुद्धा इतकं बळ असतं.

हेच बळ आपल्या शेजारी, गोव्यात, मोजून पाहिलं गेलं. तिथली 'संगात' ही संस्था डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केली. त्यांना एक साधा प्रश्न पडला: देशात मानसोपचारतज्ज्ञ एवढे कमी, मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात गावातलाच माणूस समुपदेशक म्हणून बसला तर? डॉ. अभिजित नाडकर्णी यांच्या पुढाकाराने २०१३ ते २०१५ या काळात गोव्याच्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही चाचणी झाली. समुपदेशक तज्ज्ञ नव्हते, डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हत्या. स्थानिक, थोडं शिकलेली, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेली माणसं. पाठदुखी, ताप, बीपी असं काहीही दाखवायला आलेल्या पुरुषांना दहा प्रश्न विचारले जात. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, थांबायचं ठरवून थांबता आलं नाही असं कधी झालं, सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का, घरच्या कुणी काळजी बोलून दाखवली का. प्रत्येक उत्तराला गुण, एकूण ४०. उताऱ्याचा प्रश्न त्या दहांत आहे हे बघून मला आमच्या स्टँडवरचा तो ग्लास आठवला. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या या कागदाला आमच्या चहावाल्याचं निरीक्षण ठाऊक आहे!

१२ ते १९ गुण पडलेले, म्हणजे दारूने नुकसान होऊ लागलेले पण पूर्ण आहारी न गेलेले ३७७ पुरुष या चाचणीत होते. त्यांतल्या निम्म्यांना जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या. अर्धा-पाऊण तासाची एकेक. तीन महिन्यांनी विचारलं, गेल्या १४ दिवसांत अजिबात प्यायला नाहीत? समुपदेशन मिळालेल्यांतले ४२ टक्के 'नाही' म्हणाले, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले १८ टक्के. पुढच्या तपासणीत, वर्षानेसुद्धा, ज्यांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं असे लोक समुपदेशनाच्या गटात ५४ टक्के होते, दुसऱ्या गटात ३२. चार बैठका! एक पाटाची बारी यायला लागतो तेवढा काळ. ज्यांना रोज सकाळी उतारा लागतो त्यांचं एवढ्याने भागणार नाही, त्यांना आधी सांगितलेल्या गोळ्या हव्यात. पण त्या पायरीवर पोचण्याआधीच्या कितीतरी पुरुषांना व्हरांड्यातली खुर्ची पुरली.

आपल्या राज्यातही याची उदाहरणं आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीतून. तिथे पस्तीस दिवस राहावं लागतं, पण तिथली माणसं सगळ्यात जास्त जपतात तो शब्द 'पाठपुरावा': घरी गेल्यावर पुन्हा येत राहणं, गटात बसणं, बायकांसाठी सहचरीची बैठक. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तिपथ'ने तर तालुक्याच्या गावी व्यसन उपचाराची क्लिनिकं उघडली. तालुक्याच्या गावी, म्हणजे औशासारख्या ठिकाणी. बाजाराला आलेला माणूस तिथे जाऊन संध्याकाळच्या एसटीने घरी परततो.

औशात मात्र दारू सोडण्याची एक फार जुनी रीत आहे, ती म्हणजे माळ. नाथ संस्थानामुळे आणि इथल्या चक्रीभजनाच्या परंपरेमुळे या भागात कितीतरी घरांत तुळशीची माळ आहे. एखाद्याची दारू सुटली हे सांगताना आमच्याकडे 'त्याने माळ घातली' एवढंच म्हणतात, पुढचं समजतं. आता बघा, ही माळ काय काय करते. गळ्यात दिसते, म्हणून लग्नात, पोळ्याला कुणी आग्रह करत नाही. नकार देण्याचा त्रास वाचतो. संध्याकाळी ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे, त्याच वेळी भजनाला बसायला जागा मिळते. जुन्या सोबत्यांऐवजी नवे सोबती मिळतात. समुपदेशक ज्या तीन गोष्टी चार बैठकांत शिकवतात, त्या माळेत एका दोऱ्यात ओवलेल्या आहेत. आमच्या आजोबा-पणजोबांनी हे कुठल्या चाचणीशिवाय ओळखलं होतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

फक्त एका ठिकाणी माळ कमी पडते. ती तुटली की माणूस लाजेने कीर्तनात तोंड दाखवत नाही. 'याने माळ तोडली' हे गाव वर्षानुवर्षं विसरत नाही. दारू सोडलेल्यांपैकी पुष्कळ जण पहिल्या वर्षात एकदा तरी घसरतात. अमेरिकेतल्या टॉमस मॅक्लेलन यांनी २००० साली दाखवून दिलं, की व्यसन परत उलटण्याचं प्रमाण, शंभरात ४० ते ६०, हे बीपी किंवा दम्याचं दुखणं उलटण्याइतकंच आहे. बीपीची गोळी बंद केली आणि बीपी वाढलं, तर आपण आईला 'तू बीपी तोडलंस' म्हणत नाही. पुन्हा दवाखान्यात नेतो. केसपेपरचा मला भावणारा गुण हाच. त्यावर कालच्या तारखेला काय झालं ते लिहिलेलं असतं आणि खाली पुढची तारीख लिहायला जागा असते. घसरलेला माणूस त्याच दारातून पुन्हा आत येऊ शकतो.

अडचण एवढीच की दारापर्यंत फार थोडे पोचतात. २०१९ सालच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. आमच्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून 'प्रेरणा' प्रकल्प आहे, त्यात आशाताई घरोघर जाऊन खचलेली माणसं ओळखतात. १४४१६ वर 'टेलिमानस'चा माणूस फोन उचलतो, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक. दोन्ही मोफत. बहुतेकदा पहिला फोन बायको करते किंवा लेक. हळू आवाजात, चुलीपाशी बसून, नवरा शेतात असताना. त्या फोनला मी उपचाराची पहिली बैठक मानतो.

समुपदेशनाच्या अशा एका बैठकीत काय होतं ते सांगून थांबतो, कारण ते ऐकून मला गहिवरून आलं होतं. तिथे समुपदेशक आणि तो माणूस मिळून नाटक करतात. समुपदेशक होतो जुना मित्र. चुलत भावाच्या लग्नाची वरात आहे, बँड वाजतोय, मांडवाच्या मागे बाटली फुटली आहे. मित्र खांद्यावर हात टाकून म्हणतो, 'घे की गड्या, आज नाही तर कधी? एकाने काय होतंय?' पन्नाशीचा, शेतकरी, कधी कुणाला 'नाही' न म्हटलेला माणूस खुर्चीत अवघडून बसतो. पहिल्यांदा म्हणतो, 'नको... बघू नंतर.' मित्र सोडत नाही. मग म्हणतो, 'पोट दुखतंय.' मित्र म्हणतो, त्यावरच तर हा उतारा आहे. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तो मान वर करतो, समोरच्याच्या डोळ्यांत बघतो आणि म्हणतो, 'मला गोळी चालूय. तू घे, मी पंगतीत वाढायला जातो.'

आणि तो खरंच उठतो, दोन पावलं चालून दाखवतो.